घरपट्टी भरली, आता हिशोब कुठे बघायचा? ग्रामपंचायत, नगरपालिका आणि आपला पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च जवळ आला की वसुलीची गाडी गल्लीत फिरते आणि लोकांना प्रश्न पडायला लागतात. हा कर कसला, इतका कसा वाढला, आणि भरलेल्या पैशाचं होतं काय? महाराष्ट्रातल्या गावांत आणि शहरांत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जागा लागली आहे. माहिती अधिकार आणि कामाचे कागद हे भाग घाई असली तरी वाचाच.

घरपट्टीच्या बिलात एवढे वेगवेगळे कर का असतात?

एकाच पावतीवर अनेक खात्यांची वसुली होते म्हणून. गावात साधारणपणे घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा सफाई कर, सामान्य पाणीपट्टी आणि घरात नळ असेल तर विशेष पाणीपट्टी अशा रकमा दिसतात. ग्रामपंचायतीला हे कर लावण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ ने दिला आहे.

शहरातल्या बिलात आणखी रांग असते : सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष उपकर, शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकत असेल तर रोजगार हमी कर. यातले शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्य सरकारचे आहेत. महापालिका ते फक्त गोळा करून पुढे पाठवते. म्हणून "मी पालिकेला इतके हजार दिले" असं म्हणण्याआधी बिलावरची प्रत्येक ओळ वाचा आणि त्यातली किती रक्कम खरोखर पालिकेकडे राहते ते वेगळं काढा. हिशोब मागताना हा आकडा बरोबर असला पाहिजे.

कर आणि शुल्क यांत फरक काय?

कराच्या बदल्यात अमुक एक सेवा तुम्हालाच मिळेल, अशी हमी नसते. तो सगळ्यांच्या कामासाठी एकत्र जमा होतो. शुल्काचं तसं नाही. ते ठरावीक सेवेसाठी घेतलं जातं, त्यामुळे सेवा आणि रक्कम यांचा काही मेळ असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठ प्रकरणात हा भेद स्पष्ट केला. पुढच्या निकालांत न्यायालयाने त्यात थोडी सैलही दिली : रुपयाला रुपया जुळलाच पाहिजे असं नाही, पण संबंध दिसला पाहिजे.

रोजच्या व्यवहारात याचा उपयोग असा. दाखल्याचं, बाजारात बसण्याचं किंवा कचरा उचलण्याचं शुल्क घेतलं जात असेल तर "या सेवेवर वर्षाला खर्च किती आणि शुल्कातून जमा किती?" हा प्रश्न थेट विचारता येतो. आणि कर असो वा शुल्क, त्यामागे कायद्याचा आधार हवाच. संविधानाच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. पावतीवर "इतर" म्हणून रक्कम दिसली तर कोणत्या ठरावाने आणि कोणत्या नियमाखाली, हे विचारून घ्या.

गावातली घरपट्टी कशी ठरते? आमची एकदम का वाढली?

पूर्वी गावोगावी क्षेत्रफळावर कर लावला जायचा. ३१ डिसेंबर २०१५ ला नियमांत बदल झाला आणि भांडवली मूल्यावर आकारणी सुरू झाली. म्हणजे जमिनीचा आणि बांधकामाचा शासनाने ठरवलेला दर, घराचं क्षेत्रफळ, घर किती जुनं त्यानुसार घसारा, आणि राहण्यासाठी की धंद्यासाठी त्यानुसार भारांक, या सगळ्यांवरून मूल्य काढायचं आणि त्या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे कर लावायचा. दराला किमान आणि कमाल मर्यादा नियमांत दिलेली आहे. त्या दोन्हींच्या मधला दर ग्रामपंचायत ठरवते.

आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते. एखाद्या वर्षी बिल अचानक फुगतं त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. तरीही आंधळेपणाने भरू नका. नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा उतारा मागा आणि तीन गोष्टी पाहा : क्षेत्रफळ बरोबर लिहिलं आहे का, बांधकामाचा प्रकार बरोबर आहे का, आणि वय धरलं आहे का. मातीच्या भिंतीचं जुनं घर कागदावर आरसीसी झालेलं असतं, पडलेला गोठा अजून उभा असतो. अशा चुका कुणी मुद्दाम करतंच असं नाही. मोजणी घाईत उरकली की त्या राहून जातात, आणि पुढची चार वर्षं घरमालक त्याचे पैसे भरत राहतो.

आकारणी चुकीची वाटली तर काय करायचं?

गावात आधी आकारणी यादी प्रसिद्ध होते आणि हरकती मागवल्या जातात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. निर्णय पटला नाही तर पंचायत समितीकडे अपील आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे, अशी वाट कायद्यात आहे.

महापालिकेतही विशेष नोटीस आली की दिलेल्या मुदतीत तक्रार नोंदवायची असते. त्यानंतर न्यायालयात अपील करता येतं, पण ते पंधरा दिवसांत करावं लागतं आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणून खरी लढाई नोटिशीच्या टप्प्यावरच असते. नोटीस कपाटात ठेवून बिल आल्यावर धावाधाव केली तर फार काही हाती लागत नाही.

नळाला पाणी नाही, तरी पाणीपट्टी पूर्ण येते. भरायचीच नाही, असं केलं तर?

राग रास्त आहे. उन्हाळ्यात चार-चार दिवसांनी पाणी आणि बिल मात्र बारा महिन्यांचं, हे कुणालाही खटकेल. पण न भरण्याचा रस्ता धरू नका, कारण त्यात नुकसान तुमचंच आहे. थकबाकी साचते आणि नळ तोडण्याचं निमित्त मिळतं. शिवाय तुम्ही प्रश्न विचारायला उभे राहिलात की पहिलं उत्तर येतं : "आधी बाकी भरा." ज्याच्या हातात चालू वर्षाची पावती आहे, त्याला असं बसवता येत नाही.

त्याऐवजी पाणी कधी आलं याची साधी वही ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटं, एवढंच. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी दोन महिने अशी नोंद ठेवली की हातात पुरावा येतो. मग ग्रामपंचायतीकडे किंवा पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे लेखी मागणी करा की पाणीपट्टीची वर्षाची मागणी, वसुली, वीजबिल, दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचा खर्च यांचा तपशील द्या. गावाच्या योजनांमध्ये पंपाचं वीजबिल हाच सगळ्यात मोठा खर्च असल्याचं अनेकदा दिसतं आणि थकलेल्या वीजबिलामुळे योजना बंद पडते. असं असेल तर चर्चा दुसऱ्या दिशेने जाते, आणि ती जायला हवी.

कर थकवला तर काय होतं?

गावात आधी मागणीचं बिल येतं, मग मागणीचा लेख, म्हणजे पैसे भरण्याची लेखी नोटीस बजावली जाते आणि तरीही भरलं नाही तर जंगम वस्तू जप्त करण्यापर्यंत कारवाई जाऊ शकते. थकबाकीची प्रकरणं लोकअदालतीतही ठेवली जातात, तिथे तडजोडीची संधी असते. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत घरपट्टी भरली तर गावात पाच टक्के सूट मिळते. सप्टेंबरपर्यंत भरणं म्हणूनच फायद्याचं.

शहरात दंड कडक आहे : थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के शास्ती. वर्षाचे चोवीस टक्के होतात. वाद सुरू असेल तरी निर्विवाद रक्कम भरून ठेवावी.

आणखी एक तरतूद लोकांना फारशी माहीत नसते. ग्रामपंचायत सदस्याने मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर तो सदस्यपदासाठी अपात्र ठरू शकतो. आपल्याकडे वसुलीला येणाऱ्या कारभाऱ्यांच्या घरची बाकी नमुना ९ मध्ये, म्हणजे कर मागणी नोंदवहीत दिसते, आणि ती वही सार्वजनिक अभिलेख आहे.

थकबाकी आहे म्हणून जन्माचा दाखला अडवता येतो का?

नाही. जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या केंद्रीय कायद्याखाली होते. घरपट्टीशी तिचा काही संबंध नाही. थकबाकी नसल्याचा दाखला मात्र बाकी असताना मिळणार नाही, हे उघड आहे. सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अपील करता येतं. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. कोणत्या सेवेला किती दिवस आणि किती शुल्क, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. फलकावर नसलेली रक्कम मागितली तर पावती मागा. पुष्कळदा तेवढ्यानेच मागणी गळून पडते.

ग्रामपंचायतीकडे पैसा येतो तरी कुठून? आमच्या घरपट्टीवर गाव चालतं का?

बहुतेक गावांत नाही. स्वनिधी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी असा गावाने स्वतः उभा केलेला पैसा. मोठा भाग बाहेरून येतो आणि त्यात केंद्रीय वित्त आयोगाचा निधी महत्त्वाचा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांच्या अनुदानाचे दोन भाग केले : ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित पैसा स्वच्छता आणि पिण्याचं पाणी यांवरच खर्च करायचा. अबंधित गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पण पगार आणि कार्यालयीन खर्चासाठी नाही.

या आयोगाने एक अट घातली होती, तिच्याकडे लक्ष द्या. अनुदान हवं असेल तर स्थानिक संस्थेचे आधीच्या वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याच्या आदल्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे ऑनलाइन सर्वांसाठी खुले असले पाहिजेत. म्हणजे हिशोब दाखवणं ही कुणाची मेहेरबानी नाही. पैसा मिळण्यासाठीच ती अट पाळावी लागली आहे.

स्वनिधीतूनही काही वाटा राखून ठेवावा लागतो : मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के. हे तीन आकडे लक्षात ठेवा. गावात एखादी दिव्यांग व्यक्ती असेल आणि तिला वर्षानुवर्षं काहीच मिळालं नसेल, तर त्या पाच टक्क्यांचं काय झालं हा प्रश्न ग्रामसभेत आलाच पाहिजे. तो विचारायला तिचे घरचेच हवेत असं नाही.

ग्रामसभेत हिशोब कसा मागायचा?

वर्षात किमान चार ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. सभा टाळणाऱ्या सरपंचावर अपात्रतेची कारवाई होऊ शकते. यातली आर्थिक वर्षातली पहिली सभा सगळ्यात महत्त्वाची, कारण गेल्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणातले आक्षेप व त्यांची उत्तरं तिच्यासमोर ठेवावी लागतात. १ मेच्या सभेला लोक झेंडावंदन करून घरी जातात आणि नेमका हिशोबाचा विषय पाच मिनिटांत मंजूर होतो.

सभेत उभं राहून "सगळे पैसे खाल्ले" असं म्हणू नका. त्या वाक्यावर गोंधळ होतो, दोन गट पडतात आणि सभा संपते. कारभाऱ्यांना तेच सोयीचं असतं. त्याऐवजी एकच काम निवडा आणि आठवडाभर आधी लेखी द्या : "गेल्या वर्षी दिवाबत्तीवर झालेला खर्च, घेतलेल्या दिव्यांची संख्या, प्रत्येकाची किंमत आणि ते कोणत्या खांबांवर बसवले, याची यादी सभेत वाचून दाखवावी." अर्जाची पोच घ्या. यादी वाचली गेली की लोक आपोआप बोलू लागतात, कारण आपल्या घरासमोरच्या खांबावर दिवा आहे की नाही हे प्रत्येकाला माहीत असतं.

शेवटी इतिवृत्तात तुमचा प्रश्न आणि मिळालेलं उत्तर लिहिलं गेलं का, ते पाहूनच उठा. कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा देऊ नका.

गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली तर?

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. तहकूब सभेला मात्र ही अट नसते. म्हणून तहकूब सभेला हमखास जा. मोजक्या लोकांत मोठे विषय तिथेच निघतात.

शहरात ग्रामसभा नसते. मग नागरिकाने कुठे बोलायचं?

शहरांत ही मोठी उणीव आहे आणि ती बोलून दाखवायला हवी. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या संविधानानेच सांगितल्या आहेत. महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्र सभेची, म्हणजे शहरातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेचीही तरतूद झाली, पण प्रत्यक्षात ती कुठे भरताना दिसत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर राज्यातल्या बऱ्याच शहरांनी काही वर्षं निवडून आलेल्या सभागृहाशिवाय, प्रशासकाच्या हाताखाली काढली. त्या काळात कोट्यवधींचे अर्थसंकल्प नगरसेवकांच्या एकाही प्रश्नाशिवाय मंजूर झाले. त्या वर्षांचे लेखे आता तरी नीट तपासले गेले पाहिजेत, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

नागरिकाच्या हातात चार गोष्टी आहेत : अर्थसंकल्प तयार होत असताना लेखी सूचना देणं, प्रभाग समितीच्या बैठकीची विषयपत्रिका मागणं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, आणि माहितीचा अधिकार. अर्थसंकल्पाचं पुस्तक जाड असतं, त्याला घाबरू नका. आपल्या प्रभागाचं नाव जिथे येतं ती पानं काढा, गेल्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी लिहा. तरतूद पन्नास लाखांची आणि खर्च चार लाखांचा असेल तर तुमचा प्रश्न तयार आहे.

काम झालेलं दिसतं, पण दर्जा वाईट आहे. कोणते कागद मागायचे?

प्रत्येक कामामागे कागदांची साखळी असते : ठराव, प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक आणि त्याची तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक (बिल) आणि प्रमाणक (व्हाउचर), शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. एवढ्यांत सामान्य माणसाच्या सगळ्यात उपयोगाचे दोन : अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका. या पुस्तिकेला सगळे एमबीच म्हणतात. अभियंत्याने जागेवर जाऊन घेतलेली मापं तिच्यात असतात आणि त्याच मापांवर ठेकेदाराला पैसे मिळतात.

काँक्रीटचा रस्ता घ्या. अंदाजपत्रकात लिहिलं आहे : लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटिमीटर. गुणाकार केला की ४५ घनमीटर काँक्रीट होतं, एमबीतही ४५ लिहिलेलं असतं आणि पैसेही ४५ चेच जातात. आता रस्त्याच्या कडेला जा, जिथे काठ उघडा आहे तिथे साधी पट्टी लावा. जाडी १० सेंटिमीटर निघाली तर प्रत्यक्षात ३० घनमीटरच पडलं आहे. म्हणजे एक तृतीयांश काँक्रीट कागदावरच राहिलं. यासाठी अभियंता असावं लागत नाही, टेप आणि पाचवीचं गणित पुरतं. तीन-चार ठिकाणी मोजा, प्रत्येक ठिकाणी पट्टीसकट फोटो काढा आणि शेजारी दोन माणसं उभी ठेवा.

गटार असेल तर लांबी मोजा. हातपंपाची दुरुस्ती असेल तर पंपाशेजारच्या घरी विचारा, दुरुस्तीला कुणी आलं होतं का. खरेदी असेल तर साठा नोंदवही मागा आणि वस्तू दाखवा म्हणा. एकच रस्ता तीन तुकड्यांत तीन कामं म्हणून दाखवला असेल तर तारखा बघा : एकाच आठवड्यात, एकाच ठेकेदाराला, निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली अशा रकमा दिसल्या तर काम मुद्दाम तोडलं असावं, असा संशय घ्यायला जागा आहे. तरीही तो संशयच आहे. कारभाऱ्यांचं म्हणणं लेखी मागा, मगच पुढे जा.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा?

थोडा आणि नेमका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. प्रतींसाठी पानाला दोन रुपये. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. गावात जन माहिती अधिकारी म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

"रस्ता निकृष्ट का झाला?" असं विचारू नका. "का" ला कागद नसतो आणि अर्ज फेटाळायला कारण मिळतं. असं लिहा :

"आर्थिक वर्ष २०२४-२५ मधील शाळा ते समाजमंदिर काँक्रीट रस्ता या कामासंबंधी पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : १) तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, २) कार्यारंभ आदेश, ३) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, ४) अदा केलेली देयके व प्रमाणके."

बस, एवढंच. आरोप नाही, विशेषण नाही. घरपट्टीचा विषय असेल तर दुसरा अर्ज करा.

हे हत्यार आयतं मिळालेलं नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संगठनच्या लोकांनी १९९४ पासून गावोगावी जनसुनवाई घेतल्या. हजेरीपट आणि बिलं सगळ्यांसमोर वाचली जायची आणि ज्यांच्या नावाने मजुरी उचलली ती माणसं उठून सांगायची की आम्ही त्या कामावर गेलोच नव्हतो. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा तिथली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ साली राज्याचा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभरचा कायदा पूर्णपणे लागू झाला. दहा रुपयांच्या त्या स्टँपमागे मजुरीसाठी भांडलेली माणसं आहेत.

अर्ज न करता कागद पाहता येतात का?

येतात. शासनाने २०१८ साली आदेश काढला की जिल्ह्यातली कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. महापालिकांमध्ये याचा चांगला उपयोग होतो. आदेश अनेक कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांनाच ठाऊक नसतो, म्हणून त्याची प्रत सोबत न्या आणि शांतपणे दाखवा. शिवाय माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अंदाजपत्रक, खर्च, अधिकाऱ्यांची नावं अशी सतरा बाबींची माहिती कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असते.

ऑनलाइन काय बघायला मिळतं?

ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. त्यावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की विकास आराखडा, कामांची यादी आणि वित्त आयोगाच्या निधीतला खर्च दिसतो. 'मेरी पंचायत' ॲपवरही बरंच सापडतं. स्वनिधीचा तपशील तिथे नेहमी पूर्ण असतोच असं नाही. त्यासाठी नमुना ५, म्हणजे रोकडवही, कार्यालयातच बघावी लागते. आराखड्यात नसलेलं काम खर्चात दिसलं किंवा "पूर्ण" लिहिलेलं काम जागेवर नसलं, तर स्क्रीनचा फोटो तारखेसकट जपून ठेवा. नोंदी नंतर बदलू शकतात.

लेखापरीक्षण झालंय म्हणतात. मग सगळं ठीकच ना?

झालं एवढ्यावर थांबू नका, अहवाल मागा. ग्रामपंचायत आणि पालिकांचे लेखे स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. त्याचा कायदा १९३० पासूनचा आहे. अहवालात आक्षेप असतात : प्रमाणक नाही, वसुली बँकेत उशिरा भरली, निविदा न काढता खरेदी केली. त्यांची उत्तरं म्हणजे अनुपालन. वर्षानुवर्षं तेच आक्षेप प्रलंबित दिसले तर ग्रामसभेत ते क्रमांकासह वाचा. स्वतः सरकारी लेखापरीक्षकाने लिहिलेली ओळ वाचणाऱ्याला कुणी "राजकारण करतो" म्हणून गप्प बसवू शकत नाही.

मी भाडेकरू आहे, घरपट्टी मालक भरतो. मला विचारायचा हक्क आहे का?

पूर्ण. माहितीचा अधिकार प्रत्येक नागरिकाचा आहे आणि त्या गावच्या मतदार यादीत नाव असेल तर ग्रामसभेतही तुमचा आवाज आहे.

विचारलं की गावात वैर येतं. एकट्याने कसं करायचं?

एकट्याने करूच नका. पाच-सात जणांच्या सहीने अर्ज द्या आणि त्यात दोन्ही गटांची माणसं असू द्या. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी होते. पाणी, शौचालय, अंगणवाडी यांचे प्रश्न तिथे घेतले तर ते ठरावासकट पुढे येतात आणि बायकांनी एकमुखाने मागितलेला हिशोब टाळणं कारभाऱ्यांना जड जातं. मागणी नेहमी कागदाची ठेवा, माणसाची नको. सरपंचही शेवटी गावातलाच असतो, आणि पुष्कळदा तोही ठेकेदार आणि वरच्या कार्यालयांच्या मधे अडकलेला असतो. कागद स्वच्छ निघाले तर तेही सभेत मोकळेपणाने सांगा. प्रामाणिक कारभाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

गडबड खरोखर सापडली. तक्रार कुणाकडे?

ग्रामपंचायतीची असेल तर गट विकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. पदाच्या गैरवापरासाठी सरपंच किंवा सदस्याला काढण्याची कारवाई कलम ३९ खाली होते आणि तिची चौकशी जिल्हा परिषदेमार्फत चालते. नगरपालिकेची असेल तर मुख्याधिकारी, त्यानंतर जिल्हाधिकारी. महापालिकेत आयुक्त. कुठेच दाद लागली नाही तर लोकायुक्त. लाच मागितली असेल तर थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री क्रमांक १०६४. लाच देऊन मग तक्रार करू नका, मागणी झाली की लगेच करा.

तक्रारीला एमबीची पानं, फोटो आणि मोजमापं जोडा. पुराव्याशिवाय केलेल्या दहा तक्रारींपेक्षा एका कामाची पुराव्यासकट केलेली एक तक्रार लवकर हलते.

तीस दिवस झाले, माहिती आली नाही. आता?

मुदत संपल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करा, वीस रुपयांच्या स्टँपसह. अपिलीय अधिकाऱ्याचं नाव कार्यालयातल्या फलकावर असतं. गावासाठी ते बहुधा पंचायत समितीतच बसतात. तिथेही निर्णय पटला नाही किंवा आलाच नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विनाकारण माहिती रोखणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आयोगाकडे प्रकरणं साचलेली असल्यामुळे तारीख यायला वेळ लागतो, म्हणून अपील टाकून स्वस्थ बसू नका. तोच अर्ज पुढच्या ग्रामसभेत वाचा, सोमवारी जाऊन तेच कागद पाहायला मागा, आणि मूळ अर्जाची पोच, स्टँपची झेरॉक्स, टपालाची पावती हे सगळं एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा.